नालबंद गल्लीतला जिना

नालबंद गल्ली, तेलीखुंटाजवळ, नगर
१४ जानेवारी २०२५

प्रिय एस्तेर आक्कास,

मरियमचा प्रभूच्या नावात सलाम. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि नाताळचे शंकरपाळे दोन्ही पोचली. शंकरपाळे इतके कडक की समोरच्या रंगनाथभाऊंच्या पिठाच्या गिरणीत टाकून आणावेत असं मनात आलं. तरी रोज थोडे चघळतेय. पत्त्यावर तू अजून नुसतं नगर लिहितेस. पोस्टमन हसून म्हणाला की, अहिल्यानगर झाल्याचं तुमच्या बहिणीला कुणी सांगितलं नाही वाटतं. मी म्हटलं, सांगितलं तरी तिला ऐकू येत नाही. रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू आलं असतं तर हे सगळं लिहीत बसले नसते, आणि आता कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आपल्या शेजारचं घर विकलं गेलं. आपल्या वरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे तेच, म्हणजे भिंत दोन्ही घरांची एकच. मालकाची मुलं मुंबईत, त्यांनी एका बिल्डरला देऊन टाकलं. आता तिथं कॉम्प्लेक्स होणार, खाली दुकानं आणि तळघरात गाड्या. गल्लीत सायकल वळवताना घंटा वाजवावी लागते, तिथं या गाड्या कुठून आत येणार ते देवाला माहीत. खालचा शिंपी गेला, कल्हईवाला गेला, मधल्या मजल्यावरची बिऱ्हाडं गेली. दारं-खिडक्या काढून टेम्पोत भरून नेल्या. रस्त्यावरून पाहिलं की ते घर डोळे काढलेल्या माणसासारखं दिसतं.

राहिलेत फक्त वरच्या मागच्या खोलीत बनुबाई आणि अंगदभाऊ. तुला अंगद पेंटर आठवत असतील. कापड बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. लकवा झाल्यापासून ते अंथरुणाला आहेत, उजवी बाजू गेली, बोलणंही नीट कळत नाही. मी रोज जाऊन त्यांचं बी.पी. बघते आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलून देते. नर्सची नोकरी संपली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. बनुबाई म्हणते की, आमी जायाचं कुठं आन् ह्यांना त्या अरुंद जिन्यावरनं उचलून न्यायचं कुनी? 

बिल्डरचा माणूस हर्षल पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. तरुण आहे, वाकून नमस्कार करतो. म्हणाला की, आजी, थोडे दिवस धुळीचा त्रास होईल, सांभाळून घ्या. पेढे मी रंगनाथभाऊंच्या कामगारांना वाटून टाकले. का कुणास ठाऊक, मला तोंडात घालवेनात.

आणखी एक. स्वयंपाकघरातल्या भिंतीला तडा गेलाय. नाताळात गिलावा केला तेव्हा तो नव्हता. आमचे जोसेफ असते तर म्हणाले असते, मरियम, तुला सगळीकडे तडेच दिसतात. पण या वेळी खरंच दिसतोय.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुझी,
मरियम

---

तिसगाव, ता. पाथर्डी
२१ जानेवारी २०२५

चि. मरियम हिला,

एस्तेरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शंकरपाळ्यांविषयी लिहिलेलं मी वाचलं नाही असं समज. माझे कान गेले, डोळे शाबूत आहेत. पुढच्या नाताळात तुला नुसता सलाम पाठवीन.

तड्याचं वाचून मात्र काळजीत पडले. इकडं ये म्हणून मी जोसेफ गेल्यापासून सांगतेय. माझं घर लहान आहे, पण एकटं उभं आहे, कुणाच्या भिंतीला टेकलेलं नाही. बाजाराच्या दिवशी ताजी भाजी दारात मिळते. तू म्हणतेस की नगर सोडवत नाही. मलाही शाळा सोडवत नव्हती, पण एक दिवस पोरांचे प्रश्नच ऐकू येईनासे झाले आणि सोडावी लागली. काही गोष्टी आपण सोडत नाही, त्या आपल्याला सोडून जातात. घर आपल्या डोक्यावर पडून सोडून जाऊ नये एवढंच माझं म्हणणं.

पण बनुबाईला टाकून तू येणार नाहीस हेही मला कळतं. लहानपणी मांजरीची पिल्लं पोत्यात भरून न्यायला लागले तेव्हा तू त्या पोत्यावर बसून राहिली होतीस. आईनं उठवलं तरी उठली नाहीस.

पालिकेत अर्ज दे, आणि पोचपावती घे. नुसतं तोंडी सांगून येऊ नकोस. त्या हर्षलशी एकटीनं बोलू नकोस, रंगनाथभाऊंना बोलावून घेत जा. मी इथं काही ऐकत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात नसलेले आवाजही वाजतात. तुझं पत्र वाचल्यापासून काहीतरी कोसळतंय असं वाटतं आणि मी मागं वळून बघते.

तुझ्या विल्सनला सगळं सांगितलंस का? नातीला, एंजलला माझा पापा. आशीर्वाद सदा तुझ्या पाठीशी आहेत. तुझं उत्तर येईपर्यंत मी पोस्टाच्या पायरीवरून हलणार नाही.

तुझी,
एस्तेर आक्का

---

नालबंद गल्ली, नगर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

प्रभूच्या नावात सलाम आणि सा. न. वि. वि.

अर्ज दिला, पोचही घेतली. माणूस बघायला येईल म्हणालेत. तोवर इकडं रोज काहीतरी नवीन घडतंय.

आधी शेजारचा नळ तुटला. मजूर म्हणाले, चुकून पहार लागली. तेव्हापासून बनुबाई माझ्या घरून कळशीनं पाणी नेते. मग पुढच्या बाजूचे पत्रे उतरवले, त्यामुळे जिन्यावर आता थेट ऊन पडतं. जिन्याचा कठडा नाही. बनुबाई एका हातानं कळशी धरते आणि दुसऱ्या हातानं भिंत चाचपत चढते. ती वर पोचेपर्यंत मी आपल्या खिडकीतून बघत उभी राहते. पुढच्या अंगणात मशीननं मोठा खड्डा घेतलाय. मशीन चालू झालं की माझ्या फडताळातली भांडी आपोआप वाजायला लागतात.

आमच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून कोनाडे आहेत. माझ्या कोनाड्यात पवित्र शास्त्र, तिच्या कोनाड्यात देव. मध्ये इतकी पातळ भिंत की तिनं खलबत्त्यात लसूण ठेचला तरी मला कळतं. हल्ली आम्ही तिथूनच बोलतो. ती विचारते, मरियमबाई, हाय का? मी म्हणते, आहे. मग मी विचारते आणि ती म्हणते, व्हय, हाय. आम्हा दोघींचं बोलणं आता एवढ्यावर येऊन ठेपलंय.

परवा हर्षल पुन्हा आला. मी रंगनाथभाऊंना हाक मारायच्या आत तो पायरीवर बसलादेखील. आवाज चढवून तो एक शब्द बोलला नाही. तसा बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, आजी, गोळ्या वेळेवर घेता ना? एकट्याच असता ना? जुन्या भिंतींचा काही भरवसा नसतो, कधीही काहीही होऊ शकतं. मग उठता उठता म्हणाला की, विल्सनसाहेब पुण्यात बरे आहेत ना, एंजलची शाळा कशी चाललीय.

आक्का, मी त्याला विल्सनचं नाव कधी सांगितलेलं नाही. एंजलचं तर नाहीच नाही.

तेव्हापासून मी दाराला दोन कड्या लावते. जोसेफचा फोटो, गोळ्या आणि बी.पी.चं मशीन पिशवीत भरून दाराशी ठेवलंय. कणीक मळताना परातीत गिलाव्याची माती पडते. ती वेचून काढते आणि पुन्हा मळते. गल्लीतली माणसंही खालच्या आवाजात बोलायला लागलीत. रंगनाथभाऊंना कुणीतरी सांगितलं म्हणे की, पुढचा नंबर गिरणीचा.

विल्सनला फोन केला तर तो म्हणतो, आई, तू आधी घर रिकामं कर, मग बोलू. रिकामं कर हा शब्द त्यानं कुठून उचलला?

माझ्यासाठी प्रार्थना कर. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मरियम

---

पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. एस्तेर मावशी यांस,

विल्सनचा सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यापासून हातानं पत्र लिहायची सवय गेली आहे, अक्षर सांभाळून घ्यावं. तुम्हाला फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

मावशी, आई फक्त तुमचं ऐकते. तिला काहीही करून तिसगावला न्या. मी रात्रंदिवस घाबरलेला असतो. ऑफिसात नगरचा कुठलाही नंबर दिसला की वाटतं, भिंत पडल्याचाच फोन.

एक गोष्ट सांगतो, ती आईला सांगू नका. त्या बिल्डरच्या हर्षलशी माझं बोलणं झालंय. त्यानंच मला शोधून फोन केला. आपलं घरही त्यांना हवंय. मी नाही म्हटलं नाही, विचार करतो म्हटलं. मावशी, त्या घरात आई एकटीनं मरावी यापेक्षा घर गेलेलं परवडलं. माझा हेतू वाईट नाही. त्यानं मुलाबाळांचं विचारलं तेव्हा एंजलचंही मीच बोलून गेलो. माणूस गोड बोलतो.

आई त्या बनुबाईंमुळे अडून बसली आहे. पण तो प्रश्नही लवकरच सुटेल. हर्षल हसत म्हणाला की, शिवरात्रीच्या सुट्टीत कचेऱ्या बंद असतात, तेव्हा जिना काढून टाकतो, जिनाच राहिला नाही की म्हातारा-म्हातारी आपोआप उतरतील. तो थट्टेत म्हणाला असेल. पण त्याआधी आई तिथून निघाली तर बरं.

एंजल तुमची आठवण काढते. आशीर्वाद असू द्यावेत.

आपला,
विल्सन

---

मुक्काम नगर
१ मार्च २०२५

चि. विल्सन यास,

एस्तेर मावशीचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मला सोमवारी मिळालं. त्यातलं थट्टेचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अंगदभाऊ जिन्यावरून आपोआप कसे उतरणार, हा प्रश्न तुला पडला नाही याचं मला नवल वाटलं. पत्र टाकून काही होणार नव्हतं, म्हणून मंगळवारी मी पाथर्डीहून येणाऱ्या एसटीत बसले. एकटीनं प्रवास करून मला किती वर्षं झाली होती ते आठवत नाही. करंजीच्या घाटात गाडी थांबली, सगळे कंडक्टरकडे बघून काहीतरी बोलत होते आणि मला काही कळत नव्हतं. मी पिशवी छातीशी धरून बसले होते. माळीवाड्याला उतरून रिक्षा केली. मरियमनं दार उघडलं ते दोन कड्या काढून, आणि मला बघून ती आधी घाबरलीच. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

तिला मी एवढंच सांगितलं की, उद्या शेजारचा जिना काढणार आहेत. तुला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. ते मला ऐकू आलं नाही. तिनं दोन-तीनदा विचारलं, तरी ऐकू आलं नाही. देवानं दिलेल्या बहिरेपणाचा असाही उपयोग असतो.

ती लगेच रंगनाथभाऊंकडे गेली. शिवरात्रीची गिरणी बंद, म्हणून सकाळी देवाला जाऊन आल्यावर चार माणसं घेऊन अंगदभाऊंना जिन्यानं खाली आणायचं आणि मरियमच्या खालच्या रिकाम्या खोलीत ठेवायचं ठरलं. बनुबाईनं ठरवलं की, तोवर त्यांना सोडून पाण्यालाही खाली उतरायचं नाही.

बुधवारी माणसं देवळातून परत यायच्या आतच मशीन आलं.

मला आवाज आला नाही, विल्सन. मी ओट्याशी चहा गाळत होते. पायाखालची फरशी हलली, कपातला चहा थरथरला, आणि मग खिडकीतून धुळीचा लोट आत आला. मरियमचं तोंड उघडं होतं, ती ओरडत होती. मी खिडकीशी गेले. शेजारचा जिना नव्हता. जिथं पायऱ्या होत्या तिथं खाली लाकडांचा ढीग आणि वर नुसतं दार. त्या दारात बनुबाई उभी होती, चौकट दोन्ही हातांनी धरून. तिच्या पायापुढं काहीच नव्हतं. मशीनवाला उडी मारून पळाला. मजूर पळाले. त्या मागच्या खोलीची पुढची तुळई एका बाजूनं खचलेली मला स्पष्ट दिसत होती.

रंगनाथभाऊ धावत आले. अग्निशमनची गाडी बोलावली होती, ती तेलीखुंटाच्या पलीकडे अडकली, सणाची गर्दी आणि गल्ली एवढीशी. शिडी लावून बनुबाई उतरली असती, अंगदभाऊ कसे उतरणार? मग मरियमनं कोनाड्याकडे बोट दाखवलं. रंगनाथभाऊंच्या हातात पहार होती, पण ते मारेनात. ते तिला काहीतरी विचारत होते. मला त्यांच्या ओठांवरून कळलं: बाई, घर तुमचं आहे, ही भिंत फोडली तर तुमचंही घर खाली येईल. तेवढ्यात तुझा फोन आला. तू काय बोललास ते मला माहीत नाही. मरियमचा चेहरा मला दिसत होता. तिनं फोन ओट्यावर उलटा ठेवला, शास्त्र उचलून माझ्या हातात दिलं आणि रंगनाथभाऊंना मान हलवून होकार दिला. मग ती खाली फरशीवर बसली. माझी बहीण शूर आहे असं कुणी सांगितलं तर खरं मानू नकोस. ती भीतीनं पांढरी पडली होती, दातांवर दात आपटत होते. पण तिनं मान हलवली.

विटा निघाल्या. पलीकडून बनुबाईचा हात आला आणि त्या हातात तिचे देवाचे टाक. ते घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी पदरात घेतले, शास्त्राशेजारी. भोक मोठं होत होतं तसे वरून मातीचे गोळे पडत होते. बनुबाईला आधी ये म्हटलं तर ती येईना. मरियम उठली आणि गुडघ्यावर रांगत त्या भोकातून पलीकडे गेली, कारण आजारी माणसाला कसं बांधायचं ते तिलाच ठाऊक. तेवढा वेळ मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. त्या चपलांकडे बघत मी बाविसावं स्तोत्र म्हणायला गेले आणि मध्येच विसरले.

त्यांनी अंगदभाऊंना गोधडीत गुंडाळून, लुगड्याच्या पट्ट्यांनी फळीला बांधून, पाय पुढं करून ढकललं. खांदे अडकले. रंगनाथभाऊंनी हातानंच विटा उपसल्या, त्यांची बोटं फुटली. अंगदभाऊ सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून घेतलं, बस्स. मग ते आले, मग बनुबाई, सगळ्यांत शेवटी मरियम.

आम्ही गल्लीत उतरलो. दुपार व्हायच्या आत ती खोली खाली बसली. लोकांनी कानांवर हात ठेवले तेव्हा मला कळलं. तुझ्या आईची भिंत उभी आहे, पण तिच्या स्वयंपाकघरातून आता थेट आभाळ दिसतं.

पालिकेनं काम थांबवलंय. इंजिनियरांनी टेकू लावले आणि वर राहू नका म्हणाले. अंगदभाऊंना तपासून डॉक्टरांनी सोडलं. त्यांना आणि बनुबाईला मी उद्या टेम्पोनं तिसगावला नेतेय. तुझी आई येत नाही म्हणते, खालच्या खोलीत राहणार आहे.

मला जिन्याचं कुणी सांगितलं, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. पत्रानं नाही, समोर बसून.

आशीर्वाद आहेतच. ते तू मोठा झालास म्हणून कमी होत नाहीत.

तुझी,
एस्तेर मावशी

---

नालबंद गल्ली, नगर
१७ मार्च २०२५

प्रिय आक्का,

सलाम. सा. न. वि. वि.

विल्सन येऊन गेला. खालच्या खोलीत, आपल्या जुन्या भाडेकरू घड्याळवाल्याच्या काउंटरवर बसून त्यानं सगळं सांगितलं.  त्याला जेवायला वाढलं. तो जेवला नाही, मीही नाही. मग मी त्याला विचारलं की, जिन्याचं ऐकून तू हसलास का? तो म्हणाला, हो आई, थोडंसं हसलो. खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता खरी भीती पुढं आहे. बनुबाईच्या तक्रारीवरून पोलिसांनी माझा जबाब घेतला. बिल्डरची माणसं म्हणतात की, जिना कुजलेला होता, मशीनच्या हादऱ्यानं आपोआप पडला, वर कुणी आहे हे मशीनवाल्याला माहीतच नव्हतं. गल्लीतले सगळे देवळात होते. तुला-मला पडलेला जिना दिसला, पाडायला कुणी सांगितलं ते दिसलं नाही. हर्षलच्या तोंडून ते ऐकलं ते एकट्या विल्सननं.

हर्षल पुन्हा आला होता. आता पेढे नव्हते. म्हणाला, आजी, जे झालं ते वाईट झालं, पण त्यात आमच्या साहेबांचं नाव उगाच येऊ नये. विल्सनसाहेबांनाही ऑफिस आहे, मुलगी शाळेत एकटी जाते. एवढं बोलून त्यानं पाया पडायला हात खाली केला. मी पाय मागं घेतले.

आक्का, तुझ्याशी खरं बोलते. विल्सन जायला निघाला तेव्हा मला त्याला सांगायचं होतं की, बाळा, तू गप्प राहा. बनुबाईचे पाय अधांतरी होते ते मी पाहिलंय, तरीही मला तेच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. मी तोंडात पदर कोंबला आणि त्याला तसंच जाऊ दिलं. आता वाटतं, सांगायला हवं होतं. मग वाटतं, बरं झालं नाही सांगितलं. दिवसभर हेच चाललंय. दुधाचं भांडं ठेवल्याचा आवाज झाला तरी दचकते.

अंगदभाऊंच्या पाठीकडे लक्ष ठेव. कूस बदलायला विसरू नकोस.

माझी वेडी माया गोड मानून घे.

तुझी,
मरियम

---

तिसगाव
२३ मार्च २०२५

चि. मरियम हिला,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

अंगदभाऊंची पाठ ठीक आहे. ते खिडकीशी पडून रस्त्यावरची माणसं बघतात. बनुबाईनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय आणि ती माझ्याशी इतकं बोलते की शेजारच्या कडूबाईनं तिला सांगितलं, अगं, त्यांना काय बी ऐकू येत न्हाई. त्यावर ती म्हणाली म्हणे, म्हनून तर बोलते.

विल्सनविषयी तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. मी त्याला काहीही लिहिणार नाही, बोल असंही नाही आणि गप्प राहा असंही नाही. त्याला मूल आहे. मला मूल नाही, म्हणून मला न्यायाची भाषा सहज येते, आणि ती तुझ्यावर चालवायची मला लाज वाटते. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, म्हणून बनुबाईला मी सगळं पाटीवर लिहून सांगितलं. तिनं ते वाचलं. मग तिनं पाटी पुसली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही.

तू दाराला कड्या लाव, पण खिडकी उघडी ठेव. गुदमरशील.

माझा आशीर्वाद दोन्ही हातांनी.

तुझी,
एस्तेर आक्का

---

नालबंद गल्ली, नगर
२४ एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

पुनरुत्थानाच्या सणाचा सलाम. सा. न. वि. वि.

विल्सननं जबाब दिला.

उत्तम शुक्रवारच्या आधी तो न सांगता आला. म्हणाला, आई, चल माझ्याबरोबर, मला एकट्याला जमणार नाही. पोलीस ठाण्यात बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. त्याचा गुडघा सारखा हलत होता, लहानपणी इंजेक्शन द्यायला नेलं की हलायचा तसा. मी त्यावर हात ठेवला. आत गेल्यावर त्यानं सगळं सांगितलं. घराचं बोलणं, शिवरात्रीची सुट्टी, जिना, आणि आपण हसलो तेही. अंमलदारांनी विचारलं की, हे शेवटचं लिहायची गरज आहे का? तो म्हणाला, लिहा. आक्का, मला वाटलं होतं की अशा वेळी आईला अभिमान वाटत असेल. मला तसलं काही वाटलं नाही. त्याला तिथून उचलून घरी न्यावं आणि दार लावून घ्यावं एवढंच वाटत होतं.

बिल्डर, मशीनवाला आणि हर्षल तिघांवर गुन्हा नोंदला. तिघे जामिनावर सुटले. काम बंद आहे. एंजलला शाळेत सोडायला आता विल्सन स्वतः जातो आणि दर शनिवारी इकडं येतो. घर द्यायचं नाही हे त्यानंच बिल्डरला कळवलं. भिंत नव्यानं बांधून घेतली, सिमेंटची. पण रंगनाथभाऊंसकट सगळ्या गल्लीला वाटतं की, पुढं काय होईल सांगता येत नाही. मलाही तसंच वाटतं.

काल भाजी घेऊन येताना गल्लीच्या तोंडाशी हर्षल उभा होता, मोटारसायकलला टेकून. नमस्कार आजी, म्हणाला, नेहमीसारखा वाकून.  आजूबाजूला कुणी नव्हतं. मला वाटलं, आता काही बोलता येणार नाही. पण तोंडातून निघालं की, रविवारी बनुबाई आणि अंगदभाऊ परत येतायत, माझ्या खालच्या खोलीत राहणार आहेत, दार रस्त्यावरच आहे, जाता-येता तुम्हाला दिसतील. एवढंच. आवाज माझा नव्हताच, कुणा दुसरीचा असल्यासारखा बारीक येत होता.  त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि गाडीला किक मारून निघून गेला. मी घरात आले, कडी लावली आणि भाजीची पिशवी हातात तशीच धरून पायरीवर बसून राहिले. मेथी पार सुकली.

खोलीला चुना दिलाय. अंगदभाऊंसाठी विल्सननं पुण्याहून दवाखान्यातली असते तशी वरखाली होणारी कॉट आणलीय. ती दारातून आत घ्यायला अर्धी गल्ली लागली.

तूही त्यांच्याबरोबर ये आणि राहा थोडे दिवस. भिऊ नका असं लिहिणार होते, पण मीच भिते आहे, तर तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? भीत भीत या, पण या.

तुझी,
मरियम